चिंचोक्यांचा डबा

(आपल्या कार्याला मदत करणाऱ्यांच्या मेळाव्यात जव्हार तालुक्यातील पाड्यावर संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेणाऱ्या बाईंनी केलेले भाषण)



तुम्ही पाठवलेल्या वह्या-पेन्सिली पाड्यावर पोचल्या, त्याबद्दल आधी आभार मानते. आज मात्र मला माझ्या एका चुकीबद्दल आणि एका आईबद्दल सांगायचं आहे.

वर्ग सुरू झाला त्या वर्षी मी मुलांना सांगितलं, "बारापर्यंतचे पाढे जो आधी म्हणेल त्याला कंपासपेटी." दोन आठवडे पाड्यात पाढ्यांचा गजर चालला. मग एका मुलीनं पेटी जिंकली आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांनी पाढे सोडले. कशासाठी म्हणायचे? पेटी तर गेली. जिंकलेली मुलगी मला म्हणाली, "बाई, आता पुढं काय देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बक्षीस मोठं होतं, एकच होतं आणि ते माझ्या हातात होतं. मुलांच्या घराचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

त्याच पावसाळ्यात एक आई माझ्याकडे आली. तिचा मुलगा तिसरीत, पण वाचायला बसायचा नाही. घरात वारली बोली, पुस्तकात शाळेची मराठी. दोन ओळींत तो थकायचा आणि उठून जायचा. ती म्हणाली, "बाई, मला अक्षर येत नाही. मी त्याला काय शिकवू?" भात कापणी झाली, दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तोवर मुलगा वाचायला लागला नाही तर तो परत शाळेत बसणार नाही, हे तिला कळत होतं.

मी तिला म्हटलं, "तुम्ही शिकवू नका. तुम्ही ऐका." आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. संध्याकाळी तीन भाकऱ्या होईपर्यंत त्यानं चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की आईनं लगेच एक चिंचोका डब्यात टाकायचा. पाच चिंचोके झाले की बापाबरोबर खेकडे धरायला जायचं. पैसा एक लागला नाही.

पहिल्या आठवड्यात तो रोज एकच पान वाचत होता! आईला कुठं कळणार, असं त्याला वाटलं. पण चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कालचाच ससा आज परत कसा आला?" तेव्हापासून वाचून झाल्यावर गोष्ट आपल्या बोलीत आईला सांगायची, असा नियम झाला. खरं शिक्षण तिथं सुरू झालं, कारण सांगायचं तर समजून वाचावं लागतं.

मध्ये एकदा त्यानं बहिणीला मारलं. आईनं रागानं डबा रिकामा केला. चार दिवस त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. मी तिला म्हटलं, "मारल्याबद्दल रागवा, पण कमावलेला चिंचोका परत घेऊ नका. मजुरानं काम केलं आणि मुकादमानं दुसऱ्याच कारणानं मजुरी कापली, तर आपल्याला कसं वाटतं?" तिला ते लगेच पटलं. भट्टीवर तिनं ते भोगलं होतं.

बक्षिसानं नुकसानही होतं, हे मी एका प्रशिक्षणात शिकले. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या, चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगितलं की, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे ती मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळू लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणून आम्ही ठरवलं: मूल जे आवडीनं करतं त्याला बक्षीस लावायचं नाही. जिथं सुरुवातच जड जाते तिथंच चिंचोका. आणि गोडी लागली की चिंचोके हळूहळू कमी करायचे.

आणखी एक गोष्ट. जेवण आणि माया कधीही बक्षीस करायची नाही. प्रभूनं सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. देवाची कृपा आपण कमावत नाही. आईची भाकरीही मुलानं कमावायची नसते. वाचलं नाही तर चिंचोका नाही, एवढंच. भाकरी मिळणारच.

दिवाळी झाली. आईबाप भट्टीवर गेले. या वेळी मुलाला मात्र आजीजवळ ठेवलं. जाताना आईनं डबा आजीच्या हातात दिला. आजीला अक्षर येत नाही, पण चिंचोके मोजता येतात. मी अधूनमधून जात होते. एकदा विचारलं, "डबा कुठं आहे?" आजी हसली. म्हणाली, "तो मागतच नाही आता. गोष्ट पुरी झाल्याशिवाय मलाच झोपू देत नाही." होळीला आई परत आली तेव्हा बसस्टँडवर त्यानं एसटीची पाटी वाचून दाखवली. ती आई मला म्हणाली, "बाई, मी शिकवलं त्याला." मी म्हटलं, "हो, तुम्हीच शिकवलं."

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जायचं, हे त्यांनी करून दाखवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. आम्ही त्याच वाटेनं चुलीपर्यंत आलो आहोत.

तेव्हा माझी विनंती अशी. पहिल्या नंबरासाठी मोठी बक्षिसं पाठवू नका. त्याच पैशांत खोडरबर, रंगीत खडू आणि मोठ्या अक्षरांची, चित्रांची गोष्टीची पुस्तकं पाठवा. ती आम्ही आईच्या हातात देऊ आणि आई मुलाला देईल. तुमच्या घरीही नातवंडं असतील. मोबाईल देण्याआधी एक डबा ठेवून पाहा. पाच चिंचोक्यांनंतर आजोबांबरोबर बाजारात जायचं, एवढंही पुष्कळ होतं.

आणि प्रार्थनेत त्या मुलांची आठवण करा, ज्यांच्या घरी मागे राहायला आजी नाही. यंदाही दिवाळीनंतर ती भट्टीवर जातील. प्रत्येकाच्या गाठोड्यात एक पुस्तक आणि एक डबा बांधून द्यायचा आमचा विचार आहे. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.