उजळ चेहरा आणि गोरा चेहरा

आखाजी जवळ आली, लेकी माहेरी येतील, लग्नांची धावपळ सुरू होईल. या दिवसांत गावोगाव एक वस्तू हमखास खपते, ती म्हणजे चेहऱ्याची क्रीम. आज त्याविषयीच बोलू.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक पांढरी डबी हातोहात फिरली. आठवडे बाजारातल्या एका विक्रेत्यानं दिलेली. दीडशेला विका, डबीमागे चाळीस रुपये गटाचे, असं त्याचं म्हणणं. पापड-शेवयांत एवढं सुटत नाही, हे आम्हांला पक्कं ठाऊक. त्यात एका ताईची मुलगी पंधरा दिवसांपासून तीच क्रीम लावत होती. तिला पाहायला पाहुणे येणार होते, आणि तिचा रंग खरोखर दोन छटा उतरला होता. आम्ही ठराव लिहायलाच बसलो होतो.

तेवढ्यात एकीनं डबी उलटी केली. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. एक बारीक ओळ मात्र होती: सोन्या-चांदीला लागू देऊ नका. तोंडाला लावायची क्रीम गळ्यातल्या पोतीला का चालू नये? कुठल्याही सोनाराला विचारा, सोन्याला पांढरं पाडतो तो पारा.

आता फरक समजून घेऊ. केळीच्या बागेत, कापसाच्या वावरात, मे महिन्याच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आपला चेहरा काळवंडतो, मृत त्वचेचा थर साचतो, डाग पडतात. तो थर निघाला, उन्हापासून आडोसा मिळाला की आपला मूळ रंग परत दिसतो. हे झालं उजळणं. क जीवनसत्त्व, नायसिनामाइड असली द्रव्यं या कामाला वापरतात. ती सावकाश काम करतात, आणि जन्माच्या रंगापलीकडे नेत नाहीत.

गोरं करणं वेगळं. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, उन्हापासून वाचवणारी ती आपली छत्रीच. गोरं करणारी क्रीम ते तयार होणंच दाबते. पारा हे काम झटपट करतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो आणि गिऱ्हाईक परत येतं.

डबीवरच्या नावावर मात्र जाऊ नका. 1975 सालापासून घराघरांत असलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. 'ग्लो', 'ब्राइट', 'व्हाइट' हे शब्द कोणीही छापू शकतो. आत काय आहे ते वाचायचं.

आपल्या भुसावळच्या पुढे रेल्वेच्या वाटेवर अकोला आहे. तिथल्या एकाच घरातल्या तिघींनी, आई आणि दोन मुलींनी, ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम लावली आणि तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. 2023 साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आली. केरळमधल्या डॉक्टरांनीही मूत्रपिंडाचे असेच रुग्ण तपासले. एका विशिष्ट प्रकारचा आजार निघालेल्या पंधरापैकी तेरा जण गोरेपणाची क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला, एवढं समाधान.

आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळायचाच नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त नको. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड ही त्याचीच नावं. घरात एकीनं लावली तरी टॉवेल-उशीवाटे, आईच्या गालावाटे तो लेकरापर्यंत पोचतो.

दुसरी भानगड स्टिरॉइडची. बाळंतपणानंतर गालांवर वांग येतात, मग मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन लिहिलेली ट्यूब म्हणजे औषध, क्रीम नव्हे. 2018 पासून अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव येते. सोडली की चेहरा भडकतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना दाखवून मगच थांबवा. पाऱ्याची क्रीम मात्र त्याच दिवशी बंद. पाय किंवा तोंड सुजलं, लघवीला फेस आला तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांना क्रीमचं सांगा, लाजू नका. आपण सांगितलं नाही तर त्यांना कसं कळणार?

वावरात जाताना रुमालानं चेहरा गुंडाळतो ते आपलं बरोबरच आहे. त्याला सनस्क्रीनची जोड द्या. गटातून क्रीम विकायचीच असेल तर पक्कं बिल, परवाना क्रमांक, पत्ता आणि मुदतीची तारीख असलेलीच घ्या.

त्या ताईच्या मुलीनं क्रीम बंद केली. लघवीची तपासणी स्वच्छ आली. रंग महिन्याभरात पूर्वीसारखा झाला, तेव्हा आईनं विचारलं, "आता पाहुण्यांना काय सांगू?" मुलगीच म्हणाली, "सांगायचं काय त्यात, बघतीलच ते." पाहुणे येऊन गेले, निरोप अजून आलेला नाही.

आमचा तो ठराव राहिला, चाळीस रुपयेही राहिले. डबी दुहेरी पिशवीत बांधून ठेवली आहे. येत्या सोमवारी आमच्यातल्या दोघी जणी ती जळगावला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तपासणीसाठी देऊन येणार आहेत.