जिभेखालची गोळी

सायंकाळच्या गर्दींत ठाणें स्टेशनाचा जिना चढतांना एखाद्या प्रौढ गृहस्थाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखें दडपण येतें. कळ डाव्या हातांत उतरते, घाम सुटतो. इतक्यांत कल्याणची गाडी फलाटास लागते. डॉक्टरांनीं लिहून दिलेली गोळी खिशांत असते; परंतु ती घ्यावी कशी, याचा विचार त्यानें कधीं केलेला नसतो. तो विचार आधींच करून ठेवणें अगत्याचें आहे.

या गोळीचें कूळ मोठें विलक्षण. १८४७ सालीं इटालियन रसायनज्ञ सोब्रेरो यानें नायट्रोग्लिसरीन तयार केलें. तें नुसतें चाखलें तरी डोकें ठणकतें, हें त्यालाच आढळलें. पुढें नोबेलनें त्यापासून डायनामाइट बनविलें. आणि १८७९ सालीं लंडनचे डॉक्टर मरेल यांनीं तेंच द्रव्य अत्यल्प प्रमाणांत हृच्छूलावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. सॉर्बिट्रेट या नांवानें घरोघरीं ठाऊक असलेली गोळी याच वर्गांतली आहे.

तिचें कार्य काय? ती रक्तवाहिन्या सैल करते. हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें, त्याचा भार हलका होतो आणि कळ ओसरते. मात्र वाहिनींत अडकलेली गुठळी ती विरघळवीत नाहीं. शिवाय रक्तदाब उतरत असल्यानें उभ्या माणसाला घेरी येते. डब्याच्या दारांत लोंबकळणाऱ्याला ती आली तर परिणाम काय होईल, हें सांगावयास नको.

म्हणून प्रथम गाडीचा मोह सोडावा आणि बसावें. गोळी गिळूं नये. जिभेखालीं विरघळूं द्यावी. डोकें दुखलें तर घाबरूं नये. गाडींत कळ आली तर सहप्रवाशांनीं जागा द्यावी आणि कळवा, मुंब्रा, दिवा, जें स्टेशन पुढें येईल तेथें रुग्णाला उतरवून मदत मागावी.

शेजाऱ्याची गोळी कोणीही घेऊं नये. रक्तदाब फार उतरलेला असेल, घेरी येत असेल, तर ती घातक ठरते. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास व टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ती वर्ज्य समजावी. असें औषध घेतलें असल्यास लाज न धरतां डॉक्टरांना सांगावें.

मुख्य गोष्ट घड्याळाची. पांच मिनिटांत कळ थांबली नाहीं, किंवा वाढली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसरी गोळी डॉक्टरांनीं पूर्वीं सांगितलें असेल तरच घ्यावी. ज्याला असें दुखणें प्रथमच होत आहे, त्यानें गोळी शोधण्यांत एक क्षणही न दवडतां १०८ लाच हांक द्यावी. अॅस्पिरिन चघळावी कीं नाहीं, हें त्याच वेळीं विचारावें.

गोळी हा विसावा आहे, उपचार नव्हे. चुकलेली गाडी पुन्हां मिळते. दवडलेली वेळ हृदयाला परत मिळत नाहीं.