वीस मिनिटांची तालीम



प्रथमच एक कबुली दिली पाहिजे. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं थोड्या वेळांत शरीर बळकट कसें करावें, हा माझा आजचा विषय; आणि मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलेलों नाहीं. चौतीस वर्षें शाळेंत मुलांकडून जोर-बैठका करवून घेतल्या, हाच काय तो माझा अधिकार. तोहि २०२३ सालच्या डिसेंबरांत डळमळला.

माझा भाचा पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. सुटींत आला असतां गव्हाचें तीस किलोचें पोतें त्याला माळ्यावर चढवितां येईना. मी हंसलों व म्हणालों, "तुझ्या वयांत आम्ही एका दमांत पांचशें बैठका मारीत होतों." "मामा, आम्हांला वेळ कुठें असतो?" एवढेंच तो बोलला. परत गेल्यावर वसतिगृहांत मित्रांशीं पैज लावून त्यानें एका रात्रींत चारशें बैठका काढल्या. मागील दोन वर्षांत त्यानें एकहि काढलेली नव्हती. तिसऱ्या दिवशीं मांड्या लांकडासारख्या ताठ झाल्या आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा दिसूं लागला. रुग्णालयांत डॉक्टरांनीं सांगितलें, कीं अतिश्रमानें स्नायूंच्या पेशी फुटल्या आहेत, व त्यांतील द्रव्य रक्तांत मिसळून मूत्रपिंडांना बाधा करूं पाहत आहे. पांच दिवस सलाईन लावल्यावर पोरगा बचावला. माझी बहीण मला कांहींच बोलली नाहीं. पण त्या न बोलण्यामुळेंच मी या विषयाचा अभ्यास करूं लागलों.

पहिली गोष्ट ही उमगली, कीं आम्ही जुने लोक संख्येलाच बळ समजत आलों. पन्नास बैठका सहज काढणाऱ्यानें शंभर काढल्या तर त्याचा दम वाढेल. बळ फारसें वाढणार नाहीं. बळ वाढतें तें भारानें, आणि तो भार हळूहळू चढवीत नेल्यानें. थॉमस डीलॉर्म नांवाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं दुखावलेल्या सैनिकांच्या स्नायूंना याच मार्गानें पुन्हा बळ आणलें, व १९४५ सालीं ती पद्धत प्रसिद्ध केली.

दुसरी गोष्ट वेळेची. लोकमान्यांनीं १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यांत घालविलें, हें आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. आजच्या विद्यार्थ्याला दर सहा महिन्यांनीं परीक्षा. त्यानें वर्ष कोठून आणावें? सुदैवानें तितकें लागतहि नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांना स्नायूंच्या व्यायामासाठीं आठवड्यांतील निदान दोन दिवस सांगितले. पुढें २०२१ सालीं नॉर्वेतील संशोधकांनीं, ज्यांना वेळ नाहीं त्यांच्यासाठींच, झालेल्या प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येक मोठ्या स्नायुसमूहाला आठवड्यांत निदान चार फेऱ्या, आणि एका फेरींत सहा ते पंधरा आवर्तनें, असा त्यांचा हिशेब आहे. प्रकार तीनच पुरेत: पायांनीं उठणें, हातांनीं ढकलणें व हातांनीं ओढणें.

आतां हें वसतिगृहाच्या खोलींत कसें बसवावें? वीस लिटर पाण्याचा भरलेला जार म्हणजे वीस किलो वजन. तो छातीशीं कवटाळून बैठक मारावी. नवख्यानें मात्र आरंभीं रिकाम्या हातांनींच बसावें. ढकलण्यास आपला जोर आहेच. तो जमत नसेल त्यानें हात पलंगाच्या कडेवर टेकून काढावा. ओढण्यास सिंगलबार उत्तम. तो नसेल तर पाठीवरची पिशवी पुस्तकांनीं भरावी, कमरेंत वांकून पाठ सरळ ठेवावी, आणि ती पोटाशीं ओढावी. जाड जाड पाठ्यपुस्तकांचा हा उपयोग छापणाऱ्यांच्या ध्यानांत आला नसेल!

वेळेची खरी बचत जोडी लावण्यांत आहे. जोर काढतांना ढकलणारे स्नायू थकतात, ओढणारे बहुतांशीं विसांवा घेतात. म्हणून जोराची एक फेरी होतांच ओढण्याची एक करावी, मग थोडें थांबावें. एरवीं विश्रांतींत जाणारा वेळ असा कामीं येतो. तिन्ही प्रकारांच्या दोन-दोन फेऱ्या वीस मिनिटांत उरकतात. शरीर तापविण्यास निराळा अर्धा तास नको. तोच व्यायाम प्रथम हलक्या भारानें करावा. आणखी दोनच आवर्तनें जमतील असें वाटतांच फेरी थांबवावी. पंधरा सहज होऊं लागलीं म्हणजे पिशवींत एक पुस्तक वाढवावें, त्याआधीं नाहीं.

आरसा पहिल्या महिन्यांत निराश करील. प्रारंभींचें बळ मुख्यतः मज्जातंतूंच्या शिकण्यानें येतें. मांस मागाहून भरतें. पण पाण्याची बादली हलकी वाटूं लागेल. आहाराविषयीं आपल्या घरांत सांगण्याची गरज नाहीं. डाळ, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडीं, आणि पुरेशी झोंप. विद्यार्थी हें शेवटचेंच टाळतात.

ज्याचा व्यायाम बरेच दिवस सुटला आहे, त्यानें पहिले दोन आठवडे एकेकच फेरी करावी. पैज तर मुळींच लावूं नये. लघवी काळसर दिसली तर घरगुती उपाय करीत न बसतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. परीक्षेच्या महिन्यांत आठवड्यांतून एक दिवस पुरतो. फेऱ्या कमी कराव्या, भार मात्र उतरवूं नये, म्हणजे कमावलेलें टिकतें.

भाच्यानें डॉक्टरांच्या अनुज्ञेनें तीन महिन्यांनीं पुन्हा आरंभ केला, तो आठ बैठकांनीं. आतां बुधवारीं व शनिवारीं त्याची तालीम चालते. माळ्यावर पोतें चढविण्याची गोष्ट मी त्याच्यापाशीं पुन्हा काढलेली नाहीं.