निवृत्तीआधीची रजा
राज्य शासनाच्या नोकरीत बहुतेक जण ५८व्या वर्षी निवृत्त होतात. पन्नाशी उलटली की कचेरीतल्या गप्पांचा विषय ठरलेला: पेन्शन किती बसेल आणि रजेचे पैसे किती मिळतील? तर हा रजेचा हिशेब नीट पाहू या.

अर्जित रजा वर्षाला ३० दिवस. १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस खात्यावर जमा होतात. पण साठते ३०० दिवसांपर्यंतच, आणि निवृत्तीच्या वेळी रोखीकरणही तेवढ्याचंच. म्हणजे खातं भरलेलं असताना जो सहामाहीत रजा घेत नाही, त्याची नवी रजा बुडते. पैसेही नाहीत अन् सुट्टीही नाही! तरी ‘मी नसलो तर टेबल कोण सांभाळणार?’ म्हणणारे प्रत्येक कार्यालयात भेटतात. अहो, पंधरा दिवस ते टेबल एखाद्या नव्या लिपिकाकडे सोपवून तर पाहा. जाणत्या माणसाला शिकवण्यात जे समाधान मिळतं, ते फायली निपटण्यात क्वचितच.

रजेखेरीज साप्ताहिक सुट्टीही आहेच: २९ फेब्रुवारी २०२०पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार मोकळा झाला. रोजचे कामाचे तास मात्र वाढले, त्यामुळे लोकलने घरी जाणाऱ्यांची संध्याकाळ आखडली.

आणि ज्यांचं मन नोकरीत रमतच नाही, त्यांना २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. त्याआधी आस्थापना शाखेत सेवापुस्तकातल्या नोंदी तपासून घ्या. जुन्या बदलीतली एखादी सेवापडताळणी राहिली, तर पेन्शनचं प्रकरण तिथेच अडतं.