गावची कला आणि शाळेचा वर्ग



शाळेतील कलाशिक्षणाचा विषय निघाला की रंगपेट्या नाहीत, वाद्ये नाहीत, शिक्षक नाहीत, अशी तक्रार प्रथम पुढे येते. यांपैकी शेवटची उणीव खरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांतील पट शंभरांहून अधिक असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु लहान गावांतील अनेक शाळांचा पट तेवढा भरत नाही. साधनांची गोष्ट मात्र निराळी आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत. त्यांच्या परिसराकडे डोळसपणे पाहिले तर कलावर्गाचे साहित्य तेथे विपुल आहे, असे आढळून येईल.

चित्रकलेचे साहित्य

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. तुळजा लेण्यांतील चैत्यगृह वर्तुळाकार असून त्यात स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत. वर्तुळ काढून, कंपासमधील अंतर न बदलता परिघावर खुणा केल्या, तर सहा समान भाग पडतात. प्रत्येक भाग दुभागला की बारा. त्या बारा बिंदूंवर खांब मांडताच विद्यार्थ्याच्या वहीत चैत्यगृहाचा आराखडा उतरतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत भूमिती आणि संकल्पचित्र हे विषय चालत आले आहेत. त्यांची याहून चांगली पूर्वतयारी कोणती?

रंगांचेही तसेच आहे. गेरू, चुना, काजळी आणि हळद कोणत्याही गावात मिळतात. बाभळीच्या डिंकाचे पाणी मिसळले म्हणजे रंग कागदाला धरून राहतो. गेरू वर्षानुवर्षे टिकतो, हळद उन्हाने विटते आणि चुना लागताच लाल होते. हे मुलांनी स्वतः करून पाहावे. मात्र चुना शिक्षकांनी स्वतः हाताळावा. ज्या जुन्नरचा हातकागद मराठेशाहीच्या दप्तरांत नावाजलेला होता, तेथील मुलांना रद्दी भिजवून, कुटून कागद करण्याचा पाठ परका वाटू नये.

वाद्य आणि वादक

संगीताच्या बाबतीत हा परिसर अधिकच संपन्न आहे. भजनी मंडळापाशी पेटी, पखवाज आणि टाळ असतात. आठ मात्रांचा भजनी ठेका टाळीवर धरता आला की तालाचा पाया पक्का होतो. तुणतुण्याची एकच तार आधारस्वर कसा धरून ठेवते आणि तीच ताणली की स्वर कसा चढतो, हे मुलाने एकदा ऐकले की ते व्याख्येवाचून समजते.

नारायणगाव तर तमाशाची पंढरी होय. चैत्रातील यात्रांपूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यावयास येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी हे नाव महाराष्ट्रभर नेले. राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कारही ठेवला. एवढे असूनही ढोलकी यात्रेच्या रात्री गावाला चालते, दिवसा वर्गात मात्र चालत नाही. हा संकोच साधनांच्या अभावापेक्षा मोठा अडसर आहे. तालाला जात नसते आणि वादकाच्या हातातील विद्या ही विद्याच असते, हे शाळेने मान्य केल्याखेरीज तो दूर होणार नाही.

पावसाळ्याची संधी

फडांचा हंगाम सामान्यतः दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. पावसाळ्यात कलावंत घरी असतात आणि त्यांची मिळकत थांबलेली असते. नेमकी याच वेळी, जूनमध्ये, शाळा उघडते. जून ते दसरा या काळात आठवड्यातून एक तास ढोलकी, हलगी वा तुणतुणे वाजविणाऱ्या कलावंतास वर्गात बोलाविता येईल. दमट हवेत हलगीचे कातडे सैलावते व ती शेकून घ्यावी लागते; ते का, हाही विज्ञानाचा पाठच आहे.

यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. शाळा व्यवस्थापन समितीने गावातील वाद्ये व वादक यांची यादी करावी. मुख्याध्यापकांनी तो तास वेळापत्रकात नोंदवावा आणि तो गणिताच्या जादा तासाला देऊ नये. ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात कलावंताच्या मानधनाचा विचार करावा. पोट हातावर असलेल्या माणसाकडून विद्या फुकट मागणे शोभणारे नाही. शिवाय केंद्र शासनाने १९७९ मध्ये स्थापन केलेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र शिक्षकांना कलाविषयक प्रशिक्षण देते. त्याचा लाभ ग्रामीण शिक्षकांना मिळवून देणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे.

फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा हंगामात तुटते. तेच मूल पावसाळ्यात वर्गात बसलेले असता आपल्या बापाची ढोलकी गुरुजींच्या टेबलावर सन्मानाने ठेवलेली पाहील, तर शाळा आपलीही आहे, हे त्यास निराळे सांगावे लागणार नाही.