हाड जुळल्यानंतरचे उपचार

प्लास्टर निघाले की उपचार संपले, असा समज गावोगावी रूढ आहे. वस्तुतः हाड जुळले, तरी कित्येक आठवडे निश्चल राहिलेला सांधा आखडतो, स्नायू क्षीण होतात आणि कष्टकऱ्याचा हात कामाला येत नाही. ही उणीव भरून काढण्याच्या कार्याला मेरी मॅकमिलन यांनी आयुष्य वाहिले.

त्यांचा जन्म १८८० साली अमेरिकेत झाला. शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये. लिव्हरपूल येथे अस्थिशल्यविशारद सर रॉबर्ट जोन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. १९१८ साली त्या अमेरिकन सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयात रुजू झाल्या. महायुद्धातील जखमींचे प्राण शस्त्रक्रियेने वाचत होते. पण त्यांना पुन्हा हिंडते-फिरते कोण करणार? त्याच वर्षी ओरेगॉनमधील रीड कॉलेजात या कामासाठी स्त्रियांना शिक्षण देण्याची धुरा त्यांनी वाहिली. १९२१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या पहिल्या संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

मर्दन, व्यायाम, विद्युत् आणि जल ही या शास्त्राची चार अंगे त्यांनी मानली. यांपैकी व्यायामाचे मर्म असे की, तो रुग्णाने स्वतःच करावयाचा असतो. उपचारक मार्ग दाखवितो. चालावे रुग्णालाच लागते.

म्हणून गावात कोणाचे प्लास्टर निघाले, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढेच विचारावे: “डॉक्टरांनी व्यायाम सांगितला का? तो रोज होतो का?” एखाद्या कुटुंबाची भाकरी या प्रश्नावर अवलंबून असते.