वडगावचा तह आणि युद्धकाळातील शब्द

(लोणावळा येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचा सारांश)



ज्या खंडाळ्याच्या घाटातून आपण नित्य ये-जा करतो, त्याच घाटाने १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज वर चढली. सुमारे ३,९०० सैनिक आणि सोबत राघोबादादा. पुणे जवळ येताच मराठे सरदार आपणांस येऊन मिळतील, असा भरवसा दादांनी दिला होता. मुंबईच्या कौन्सिलला तो खरा वाटला, कारण तो हवाहवासा होता. प्रत्यक्षात सरदार फिरकले नाहीत. तळेगाव ओस आणि जळालेले हाती आले. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली.

हा शत्रूचा प्रमाद. आपला प्रमाद पुढे आहे. तहात इंग्रजांनी साष्टीसह मुलूख परत करण्याचे व बंगालहून येणारी फौज थांबविण्याचे लिहून दिले. फौज सुखरूप परतताच कौन्सिलने आणि कलकत्त्याच्या हेस्टिंग्जने तो तह झिडकारला. गॉडर्ड थांबला नाही. डिसेंबर १७८० मध्ये त्याने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. युद्धात जिंकलो, तहात हरलो.

परक्यांचेच कशाला? १२ ऑक्टोबर १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंनी चिन्यांना हटविण्याचा आदेश सैन्याला दिल्याचे सांगितले. देश निश्चिंत झाला. आठच दिवसांनी आक्रमण झाले आणि महिनाभरात बोमदिला पडले.

आता स्वतःकडे पाहू. ८ मे २०२५ च्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचे सांगितले. ते घडले नव्हते. आपल्यापैकी किती जणांनी ती वार्ता पुढे धाडली? येथे ‘आयएनएस शिवाजी’मध्ये नौदलाचे तंत्रज्ञ घडतात. ज्या घरचा मुलगा युद्धनौकेवर आहे, त्या घरातील मातेची ती रात्र कशी गेली असेल? सैन्याच्या खऱ्या पराक्रमाला खोट्या विजयाचा टेकू लागत नाही. उलट त्याने खऱ्याचेही मोल उणावते.

म्हणून शंका घेणे म्हणजे द्रोह नव्हे. वार्ता आली की विचारावे : हे कोणी पाहिले, आणि कोणी आपल्या नावानिशी सांगितले? आश्वासन मिळाले की त्याची तारीख लिहून ठेवावी आणि मुदत सरली की विचारावे, मग शासन आपल्या विचाराचे का असेना. वडगावला महादजींचे स्मारक पाहताना विजयाबरोबर त्या फसलेल्या तहाचीही आठवण मुलांना सांगावी, एवढीच विनंती.